कशिशच्या खोलीवरची फांदी

कैऱ्या उतरवायच्या दिवशी गायधनींच्या घरात भांडण झालं नाही असं कधी झालेलं नाही. बहुतेक वर्षी ते लोणच्यात मोहरी किती घालायची यावरून होतं. एका वर्षी एका लग्नातल्या मानपानावरून झालं, आणि ते लग्न होऊन तेव्हा सतरा वर्षं उलटली होती. एकदा तर दिवसभर कोणाचं काही बिनसेना, तेव्हा मोहिनीआत्यांनी संध्याकाळी येवल्याच्या एसटीत पाय ठेवता ठेवता स्वतःच एक काढून दिलं. त्यामुळे यंदा सकाळी साडेआठलाच आवाज चढले तरी स्वयंपाकघरात कोणी मान वर केली नाही. वेगळं एवढंच होतं, की यंदाचं भांडण खुद्द आंब्यावरून होतं.

आंबा म्हणजे अंगणातलं झाड. जेलरोडच्या मागे दिवाकरांनी अठ्ठ्याहत्तर साली प्लॉट घेतला तेव्हा तिथे मळा होता आणि हे झाड त्या मळ्याचं होतं. म्हणजे घरापेक्षा ते मोठं, आणि दिवाकरांपेक्षाही दहा-बारा वर्षांनी मोठं असावं. जात रायवळ. पिकलेला आंबा घरात कोणी तोंडात धरत नाही इतका आंबट, पण लोणच्याला अशी कैरी अख्ख्या नाशकात नाही असं गायधनींचं म्हणणं होतं. अख्ख्या नाशकाने यावर मत दिलेलं नव्हतं.

मागच्या गुरुवारी वादळ झालं. वीस मिनिटांत गल्लीतले दोन गुलमोहर आडवे झाले, आणि या आंब्याची मांडीएवढी फांदी कंपाउंडवर पडून भिंतीला माणूस जाईल एवढं खिंडार पडलं. ती गेली, पण तिच्या वरची, एका माणसाच्या कवेत न येणारी मोठी फांदी अजून होती. ती कंपाउंड ओलांडून शेजारच्या नजीर शेखांच्या गच्चीवर गेली होती. गच्चीच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली होती आणि त्या खोलीत नजीरची नात कशिश बारावीचा अभ्यास करायची आणि तिथेच झोपायची. आज दुपारनंतर पुन्हा वादळी वाऱ्याचा इशारा होता. हे सगळ्यांना माहीत होतं, दिवाकरांनाही होतं. दिवाकरांचं म्हणणं फक्त एवढंच होतं की ती फांदी पडणार नाही.

दिवाकर एकोणऐंशी वर्षांचे. त्यांचे वडील रामकुंडावर बसायचे, यात्रेकरूंच्या सात-सात पिढ्यांची नावं वह्यांतून काढून द्यायचे. मुलाने त्या वह्या धाकट्या काकांच्या घरी पोचवल्या आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्रात सिव्हिलला ओव्हरसियर म्हणून नोकरी धरली. बत्तीस वर्षं त्यांनी भेगा बुजवल्या. निवृत्तीनंतर बुजवायला कोणी बोलावेना, म्हणून ते घरात भेगा शोधत हिंडायचे आणि सापडायच्याही.

देवव्रत, त्यांचा मुलगा, सकाळपासून छातीच्या खिशावर हात ठेवून फिरत होता. बघणाऱ्याला वाटावं की याच्या छातीत दुखतंय. खिशात महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी होती: धोकादायक फांदी काढणे, संख्या एक. ती येऊन आठवडा झाला होता आणि देवव्रत रोज तिला इस्त्रीच्या शर्टातून इस्त्रीच्या शर्टात हलवत होता. वय बावन्न, विमा कंपनीत अधिकारी, हाताखाली अकरा माणसं. पण वडिलांसमोर, अण्णांसमोर, कागद काढायचा म्हटलं की त्याला अजून दहावीचं प्रगतिपुस्तक आठवायचं. शिवाय अर्जावरची सही त्याची नव्हती आणि अण्णांचीही नव्हती. ती आईची होती.

घर अनसूयाबाईंच्या नावावर होतं. प्लॉट घेताना रामकुंडावरच्या वडिलांनी दिवाकरांची पत्रिका काढली, स्थावराचा योग नाही म्हणाले आणि खरेदीखत सुनेच्या नावाने करायला लावलं. दिवाकरांचा पत्रिकेवर विश्वास नव्हता, पण वडिलांसमोर बोलायची छाती नव्हती. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षं ही गोष्ट घरात कोणाला आठवली नाही. घरपट्टीची पावती दर वर्षी अनसूयाबाईंच्या नावाने यायची आणि दर वर्षी दिवाकर ती वाचून फाइलला लावायचे.

तर असा कागद खिशात ठेवून देवव्रतने आपल्या मुलीला पुढे केलं. आभा उद्यानविद्या शिकली होती आणि पुण्यात झाडं तपासायच्या कामावर होती. कैऱ्यांसाठी म्हणून दोन दिवस आली होती, येताना लाकडी हातोडा आणि बारीक सळई घेऊन आली होती, त्यावरून तिचा बेत कोणालाही कळला असता. दिवाकरांना तो कळला होता. ते हाताची घडी घालून झाडापाशी उभे राहिले.

आभाने तीन वर्षांत काही हजार झाडं ठोकून पाहिली होती, पण झाडाच्या मालकाने आपल्यालाच ठोकल्यासारखा चेहरा करून शेजारी उभं राहायचा अनुभव नवा होता. तिने बुंध्याभोवती फिरत हातोडा मारला. निरोगी लाकूड भरीव वाजतं, पोकळ झालं की ढोलासारखं वाजतं. तीन बाजूंनी झाड भरीव वाजलं. नजीरच्या बाजूला, कमरेच्या वर, मोठी फांदी जिथे फुटली होती त्याच्या बरोबर खाली, आवाज ढोलाचाही आला नाही. भिंतीचा आला.

"आजोबा, आत काय आहे?"

सकाळपासून पहिल्यांदा दिवाकरांचा चेहरा खुलला. "काँक्रीट," ते म्हणाले.

मग त्यांनी हकिगत सांगितली. घरातल्या सगळ्यांनी ती इतक्यांदा ऐकली होती की ऐकू येणं बंद झालं होतं, म्हणून आभाला ती आज पहिल्यांदाच ऐकू आली. चौऱ्याण्णव साली इथे ढोली होती. पोपट राहायचे, पावसाचं पाणी साचायचं. वीज केंद्रात नजीर त्यांच्या हाताखाली वेल्डर होता आणि तोवर शेजारी राहायला आला होता. एका रविवारी दोघांनी ढोली खरवडून साफ केली, आत चार सळया उभ्या करून नजीरने त्या जाग्यावर वेल्ड केल्या आणि वीज केंद्रात पंपाच्या पायाला घालतात त्या प्रमाणाचा माल कालवून भरला. आत हवा राहू नये म्हणून नजीर तासभर गजाने ठोकत होता. वर घोटाई केली. मग एकवीस दिवस बुंध्याला ओली गोणपाटं गुंडाळून क्युरिंग केलं. दिवाकर सकाळी पाणी मारायचे, नजीर संध्याकाळी. झाडाभोवतीचा सिमेंटचा पारही त्याच धांदलीत झाला, कारण माल उरला होता. पुढे सालीने काँक्रीट झाकून टाकलं. झाडाने ते मान्य केलं आहे, असा दिवाकरांनी याचा अर्थ लावला होता.

 आभाने सळई घेतली, साल आणि काँक्रीट यांच्यामधल्या रेषेवर टेकवली आणि ढकलली. सळई वीतभर आत गेली. ओढली तर टोकाला ओला काळा भुगा होता.

तिने समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. वाऱ्यात लाकूड हलतं, काँक्रीट हलत नाही, मग दोन्ही एकमेकांवर घासतात. फटीत पाणी जातं आणि आत कोंडलेलं पाणी वाळत नाही. तीस वर्षं झाड आतून त्या काँक्रीटभोवती कुजत आलं होतं आणि फांदी नेमकी त्याच्या डोक्यावर होती. ढोली तशीच ठेवली असती तर झाडाने ती सांभाळली असती, झाडं सांभाळतात. आता काँक्रीट काढायला जायचं नाही, उरलंसुरलं लाकूडही त्याच्याबरोबर येईल. ती फांदी मात्र आजच उतरवायची. वरचा भार पुढच्या दोन वर्षांत थोडा थोडा कमी करायचा, पार फोडून मुळांना माती मोकळी करून द्यायची. एवढं केलं तर बाकीचं झाड अजून पंधरा-वीस वर्षं उभं राहील.

"तुझी सळई फार बारीक आहे," दिवाकर म्हणाले आणि आत चहाला गेले.

मोहिनीआत्या ओट्यावर फडकं घेऊन बसल्या होत्या. त्या दिवाकरांच्या धाकट्या बहीण, येवल्याला दिलेल्या, तिथेच विधवा झालेल्या. दर वर्षी दोन रिकाम्या बरण्या घेऊन यायच्या आणि भरून न्यायच्या. आभाचं सगळं त्यांनी ऐकलं होतं आणि त्यातलं एक अक्षरही त्यांना पटलं नव्हतं. पंचवटीतलं जुनं घर विकलं, आई गेली, वडील गेले. दादाचा स्वभाव असा, की फोन केला तर पाऊस आहे का विचारतो आणि ठेवतो. वहिनी प्रेमळ, पण वहिनीच. हे झाड नसतं तर आपण इथे कोणत्या निमित्ताने आलो असतो, हा प्रश्न आत्यांना गेली काही वर्षं पडत होता आणि त्याचं उत्तर त्यांना आवडत नव्हतं. त्यांनी आत जाऊन दादाला ठणकावून सांगितलं की फांदीला हात लावू द्यायचा नाही, आज फांदी म्हणतात, उद्या झाड म्हणतील आणि परवा तिथे गाडी उभी करतील. देवव्रतच्या मनात गाडीचा विचार एकदा येऊन गेला होता, त्यामुळे तो कानापर्यंत लाल झाला.

चिमाजी तेवढ्यात आला. पेठ तालुक्यातला माणूस. वीस वर्षं तोच कैऱ्या उतरवायचा, काठीला जाळी बांधलेला झेला घेऊन वर चढायचा आणि एकही कैरी खाली पडू द्यायचा नाही. या वेळी देवव्रतने त्याला दोर, दोन गडी आणि मशीनची करवत आणायला सांगितलं होतं. करवत बघून दिवाकर बाहेर आले. ही कशाला, त्यांनी विचारलं. चिमाजीने देवव्रतकडे पाहिलं. देवव्रतने आभाकडे पाहिलं. आभाने बापाच्या खिशाकडे पाहिलं.

अखेर कागद बाहेर आला. दिवाकरांनी चष्मा लावला आणि सरकारी कागद वाचतात तसा तो जावक क्रमांकापासून वाचला. अर्जदाराच्या नावापाशी ते थांबले.

अनसूयाबाई अंगणातच परातीतल्या कैऱ्या कोरड्या करत होत्या. काल वाऱ्याने पडलेल्या तेवढ्या. त्यांनी हातातली कैरी पुसून संपवली आणि मग वर पाहिलं.

"तू सही केलीस?"

"हो."

"मला न सांगता?"

"तुम्हाला दोन वर्षं सांगतेय. सही एकदाच करावी लागली."

मोहिनीआत्यांनी फडकं खाली ठेवलं. वहिनी, हे तुम्ही बरं नाही केलंत, त्या म्हणाल्या. नवऱ्याच्या पाठीमागे कचेरीत कागद द्यायचे हे आपल्या घराण्यात कोणी केलं नव्हतं. देवव्रतने काही बोलायला तोंड उघडलं, पण आत्यांनी त्याच्याकडे बघितल्यावर ते मिटलं. दिवाकरांच्या बाजूला बहीण, अनसूयाबाईंच्या बाजूला मुलगा आणि नात, आणि चिमाजी दोराची गुंडाळी सोडवून पुन्हा गुंडाळतोय, अशी परिस्थिती होती.

अनसूयाबाईंना भांडण जिंकायचं नव्हतं. त्यांना ही गोष्ट सांगायचीच नव्हती, कारण सलिमाने, नजीरच्या सुनेने, ती विश्वासाने सांगितली होती आणि घरी बोलू नका म्हणाली होती. पण आत्यांच्या तोंडी घराणं आलं तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"कशिशची खाट दोन वर्षं स्वयंपाकघरात असते," त्या म्हणाल्या. "उन्हाळाभर. वारा सुटला की ती वरची पुस्तकं गोळा करून खाली आणते. मोठा पाऊस सुरू होईपर्यंत ती पोरगी शेगडीपाशी झोपते. आपल्याला वाईट वाटेल म्हणून नजीरभाईंनी सगळ्यांना तोंड बंद ठेवायला सांगितलंय."

मोहिनीआत्यांनी फडकं पुन्हा उचललं. दिवाकर म्हणाले, हे शक्य नाही. नजीरने मला सांगितलं असतं. ते दोनदा म्हणाले, आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज पहिल्याइतका पक्का नव्हता. मग त्यांनी देवव्रतला नजीरला बोलावून आणायला पाठवलं.

नजीर भिंतीच्या खिंडारातूनच आला, गुरुवारपासून तोच रस्ता जवळचा झाला होता. वय चौऱ्याहत्तर, हातावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे जुने पांढरे ठिपके. अंगणात सगळे उभे बघून आणि चिमाजीची करवत बघून त्याला काय ते कळलं. सलिमाचं तोंड आवरत नाही हेही कळलं. 

आठ-दहा वर्षांपूर्वीच त्याला पहिली रेघ दिसली होती. वेल्डर माणसाला तडा आधी दिसतो, तो त्याच्या धंद्याचाच भाग आहे. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण एक्याण्णव साली शेजारचा हा प्लॉट विकायला निघाला, मालक दर खेपेला बघू, कळवतो म्हणत नजीरला कारण न सांगता फिरवत होता, तेव्हा दिवाकरसाहेब स्वतः त्या मालकाच्या दारात जाऊन बसले होते. तीन तास बसले. चहासुद्धा घेतला नाही. आणि व्यवहार ठरवूनच उठले. ज्या माणसामुळे आपल्याला गच्ची मिळाली त्याला गच्चीवरच्या फांदीची तक्रार कशी सांगायची, हे नजीरला दहा वर्षांत सुचलं नव्हतं. खाट हलवणं त्यापेक्षा सोपं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" दिवाकरांनी विचारलं.

"सांगून काय झालं असतं साहेब? तुम्ही म्हणाला असतात, नजीर, काँक्रीट पक्कं आहे. आणि मी हो म्हणालो असतो."

"म्हणजे तुला ते पक्कं वाटत नव्हतं."

"पक्कंच आहे. मीच ठोकलंय. पण पोरीला तिथे झोपवायला मन होईना."

दिवाकर पाराच्या कडेवर बसले.  त्यांना राग आला नव्हता. राग त्यांना नीट ओळखता यायचा, त्याची सवय होती. हे काहीतरी वेगळं होतं आणि त्याला लाज म्हणतात हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. तीस वर्षं ते आल्यागेल्याला बुंध्यावर थाप मारून दाखवत होते. पाहुण्यांना, मुलीकडच्यांना, गॅसवाल्याला. आणि भिंतीपलीकडे एक मुलगी पुस्तकं गोळा करून खाली पळत होती. 

मग ते उठले आणि चिमाजीला म्हणाले, "सगळं काप. बुंध्यापासून."

कोणाला काही कळेना. दिवाकरांनी समजावून सांगितलं, त्यांच्या मते ते अगदी सरळ होतं. एखादा खांब चुकीचा भरला गेला तर तो पाडायचा असतो. त्याला टेकू देत बसायचं नसतं. चूक त्यांची, भरली त्यांनी, पाडण्याचा हुकूमही तेच देणार. फांदीबिंदी काही नाही. आज बुंध्यापासून.

आता घरातली माणसं उलटीसुलटी झाली. आभा म्हणाली, आजोबा, बाकीचं झाड चांगलं आहे, मी ठोकून पाहिलंय. दिवाकर म्हणाले, मी पण ठोकूनच सांगत होतो. मोहिनीआत्या रडायला लागल्या, आणि रडता रडता त्यांनी देवव्रतला सांगितलं, अरे ती फांदी काढा, माझी काही हरकत नाही, त्या पोरीचा जीव आधी, पण झाड ठेवा. देवव्रत, जो तीन आठवडे या झाडाच्या मागे लागला होता, तो अण्णांच्या आणि झाडाच्या मध्ये जाऊन उभा राहिला. परवानगी फक्त एका फांदीची आहे, बाकीचं कायद्यात बसत नाही, असं तो म्हणाला. पण त्याचा आवाज कायद्याचा नव्हता. लहानपणी तो याच झाडावरून पडून हात मोडून घेऊन बसला होता आणि ते त्याला आत्ता आठवलं होतं. नजीर नुसता "साहेब, नको" म्हणत राहिला. चिमाजी म्हणाला, "बाबा, ते लय मोठं काम हे. आज फांदीच व्हईल, बाकी नाय व्हायचं." पण दिवाकरांनी तोवर करवतीला हात घातला होता. तिचं बटण कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं, एवढंच बरं होतं.

अनसूयाबाई उठल्या. गुडघ्यांमुळे त्यांना उठायला वेळ लागतो, त्यामुळे सगळ्यांना त्या उठताना दिसल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातून करवत घेतली. जड होती म्हणून ती चिमाजीकडे दिली.

"चूक तुमची आहे," त्या म्हणाल्या. "झाड माझं आहे. माझ्या नावावर आहे. तुमच्या चुकीपायी माझं झाड कापायचं नाही."

सत्तेचाळीस वर्षांत या घरात कोणी माझं झाड असं म्हटलं नव्हतं. आपलं म्हणायचे, किंवा अण्णांचं. दिवाकर बायकोकडे बघत राहिले. सत्तेचाळीस पावत्या त्यांनी स्वतःच फाइलला लावल्या होत्या, म्हणजे वाद घालायला जागा नव्हती.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं.

"कैऱ्या पुसा," अनसूयाबाई म्हणाल्या. "देठाकडचा चीक नीट पुसा. चीक राहिला तर लोणचं बिघडतं."

दिवाकर मोहिनीआत्यांशेजारी ओट्यावर बसले आणि त्यांनी फडकं हातात घेतलं. पहिल्या दोन कैऱ्या आत्यांनी त्यांच्याकडून परत घेऊन पुन्हा पुसल्या. तिसरी त्यांनी पास केली. भाऊबहीण असे शेजारी शेवटी कधी बसले होते, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. दादाने त्यांना येवल्याला पाऊस आहे का विचारलं, आणि त्या नाही म्हणाल्यावर, गुडघे कसे आहेत तेही विचारलं. आत्यांनी दोन्ही गुडघ्यांची वेगवेगळी हकिगत सांगितली.

फांदी उतरवायला साडेतीन तास लागले. आधी चिमाजीने तिच्यावरच्या कैऱ्या झेल्यात घेतल्या. मग टोकाकडून एकेक तुकडा दोराला बांधून खाली सोडला, नजीरच्या पत्र्याला खरचटूही न देता. मुख्य काप आभाने स्वतः खाली उभं राहून सांगून करवून घेतला. पहिला खालून, म्हणजे साल फाटत जात नाही. दुसरा वरून, जरा बाहेर. शेवटचा बुंध्याजवळच्या फुगवट्याच्या बाहेरून, कारण जखम तिथूनच भरून येते. कापलेल्या जागी आतलं लाकूड अर्धं काळं होतं आणि मध्ये काँक्रीटचा राखाडी तुकडा दिसत होता. नजीरने लावलेल्या सळईचं टोकही दिसत होतं, गंजून लाल झालेलं. दिवाकर ते बघायला जवळ आले.

या जखमेवर काय लावायचं, त्यांनी विचारलं. डांबर? ऑइलपेंट? निदान पातळ सिमेंटचा हात?

आभा म्हणाली, काही नाही.

"काहीच नाही?"

"काहीच नाही आजोबा. उघडं ठेवायचं. झाड भरून घेतं."

दिवाकरांनी हात मागे बांधले. दिवसभरात त्यांनी केलेली ही सगळ्यात कष्टाची गोष्ट होती, पण त्यांनी ती केली.

वादळ सव्वाचारला आलं. धूळ आली, मग वारा, मग थोडा आडवा पाऊस. सगळे हॉलच्या खिडकीशी उभे राहून आंब्याकडे बघत होते, नजीरही. एका बाजूने उघडं पडलेलं झाड वेगळंच हलत होतं, आणि प्रत्येक झोक्याला मोहिनीआत्या देवाचं नाव घेत होत्या. उरलेलं लाकूड किती वारा सोसेल याचा आभा मनातल्या मनात हिशेब करत होती आणि तो तिने कोणाला सांगितला नाही. अर्ध्या तासाने वारा पडला. कुठेतरी पत्रा वाजायचा थांबला. झाड उभं होतं.

पावणेसहाला ऊन पडलं तेव्हा दिवाकर चप्पल घालून खिंडारातून पलीकडे गेले. नजीरच्या घरी ते हजारदा गेले असतील, पण गच्चीवर कधी गेले नव्हते. जिना चढताना दोनदा थांबावं लागलं. नजीर मागे होता, पण त्याने हात दिला नाही, साहेबांना ते चाललं नसतं.

कशिश टेबलापाशी बसून गणितं सोडवत होती. सतरा वर्षांची, वेणी डोक्यावर गुंडाळलेली, पाय खुर्चीच्या दांडीत अडकवलेले. तिची खाट भिंतीशी होती. ती सलिमाने आणि तिने दुपारीच वर आणली होती, वादळाच्या आधी, कोणाला न विचारता. दिवाकरांनी खाट बघितली. येताना त्यांनी जिन्यात दोन-तीन वाक्यं जुळवली होती, त्यात तांत्रिक कारणंही होती. त्यातलं एकही आठवेना.

"कशिश," ते म्हणाले, "माझं चुकलं."

दारात उभ्या असलेल्या नजीरने मान खाली घातली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरच्या इतक्या वर्षांत हे वाक्य त्याने साहेबांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि ते आपल्या नातीला ऐकायला मिळालं.

कशिशने पेन खाली ठेवलं. तिने खिडकीकडे पाहिलं. जिथे इतकी वर्षं पानं होती तिथे आता नुसतं आकाश होतं, आणि पश्चिमेचं ऊन सरळ वहीवर येत होतं. तिने डोळ्यांवर हात धरला.

"ठीक आहे आजोबा," ती म्हणाली. "पण आता ऊन खूप येतं. पडदा लागेल."

दिवाकरांनी खिशातून टेप काढली आणि खिडकीचं माप घेतलं. डोळे भरून आल्यामुळे आकडे नीट दिसले नाहीत, म्हणून त्यांनी ते पुन्हा घेतलं.